गाव मागे राहिले, आडनाव पुढे आले : बेने इस्राएली ‘-कर’ आडनावे, कोकण ते कुर्ला

१/
मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना ‘डॉ. ई. मोझेस मार्ग’ लागतो. हे मोझेस कोणी इंग्रज अधिकारी असावेत, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते, त्यांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांचे पूर्ण नाव होते एलिजा मोझेस राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर पित्याचे नाव राहिले आणि आडनाव गळाले. आजचा थ्रेड या गळालेल्या आडनावांविषयी आहे. ती आली कोठून, आज इतकी विरळ का दिसतात आणि त्यांचा माग कसा काढायचा, हे आपण क्रमाने पाहू.

२/
असे हे एकच उदाहरण नाही. मस्जिद बंदर परिसरातील ‘सॅम्युअल स्ट्रीट’ ज्यांच्या नावाने आहे, ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर. त्यांचे घरगुती मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटातील जॉन चाचा म्हणून घराघरांत पोहोचलेले अभिनेते डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते. राजपूरकर, दिवेकर, चेऊलकर ही तिन्ही आडनावे अस्सल कोकणी घडणीची आणि तिन्ही माणसे यहुदी धर्माची. पडद्यावर वा पाटीवर मात्र यांतील एकही आडनाव दिसत नाही.

३/
हा समाज म्हणजे बेने इस्राएल. ‘बेने इस्राएल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलची संतती’. रायगड जिल्ह्याचा (१९८१ पूर्वीचा कुलाबा) किनारा हे त्यांचे मूळ क्षेत्र. मुंबईत त्यांची वस्ती मांडवी, डोंगरी, भायखळा, आग्रीपाडा अशी पसरत गेली आणि पुढे उपनगरांतही पोहोचली. कुर्ला पश्चिमेला सी.एस.टी. रोडवर ‘कुर्ला बेने इस्राएल प्रेयर हॉल’ हे त्यांचे प्रार्थनागृह आहे. या रस्त्याने रोज हजारो लोक जातात, पण त्या पाटीमागील इतिहास त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असतो.

४/
प्रथम या रस्त्याच्या नावाविषयी, कारण त्यात आपल्या विषयाचीच छोटी प्रतिकृती आहे. ‘सी.एस.टी.’ म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनस, असे अनेक जण गृहीत धरतात. मूळ विस्तार आहे ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’. तुर्भ्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी ही छोटी रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. रूळ गेले, गाडी गेली, आद्याक्षरे तेवढी राहिली आणि लोकांनी त्यांना नवा अर्थ चिकटवला. आडनावांचे असेच होते. मूळ वस्तू नाहीशी होते, नाव उरते, आणि उरलेल्या नावाचा अर्थ पुढची पिढी आपल्या अंदाजाने लावते.

५/
बेने इस्राएलांची परंपरागत कथा अशी. फार प्राचीन काळी एक गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावात पुरले. तेथील जुनी दफनभूमी हा समाज आजही पवित्र मानतो. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. मागे राहिली ती शब्बाथची विश्रांती, सुंता, काही आहारनियम, आणि ‘शेमा’ ही एकेश्वरत्वाची घोषणा. जन्म, विवाह, नवस अशा प्रत्येक प्रसंगी ते शेमा म्हणत, कारण पाठ असलेली प्रार्थना तेवढीच होती.

६/
कथेला काळ कोणता द्यायचा? हाईम सॅम्युअल केहिमकर या इतिहासकाराने इ.स.पूर्व १७५ च्या सुमाराचा काळ सुचवला. त्यावेळच्या सीरियाच्या राजाने यहुद्यांचा छळ आरंभला होता, हा त्याचा आधार. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने वेगळ्या बाजूने प्रकाश टाकला. बेने इस्राएलांत यहुदी आणि भारतीय असा दुहेरी वारसा स्पष्ट दिसतो आणि त्यांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे अंदाजे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीची असावी, असा त्याचा निष्कर्ष. पश्चिमेकडून आलेल्या पूर्वजांची आठवण खरी होती. कथेतील काळाला मात्र या अभ्यासाने दुजोरा दिलेला नाही. परंपरा आणि पुरावा यांचे नाते बहुधा असेच अर्धे जुळणारे असते.

७/
कोकणात या लोकांनी धरलेला मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपल्या विषयाच्या दृष्टीने या धंद्याचा एक परिणाम निर्णायक ठरला. एका गावाला तेलाचे घाणे किती लागणार? एक, फार तर दोन. एकाच गावात पन्नास तेली कुटुंबे जगू शकत नाहीत. त्यामुळे हा समाज एका ठिकाणी दाट वस्ती करून राहिला नाही. तो गावोगावी, एकेक दोन-दोन घरांनी विखुरला. पुढे आडनावे विरळ झाली, त्याचे पहिले बीज येथे आहे.

८/
आता ‘-कर’ या प्रत्ययाचे कार्य पाहू. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करण्याची रीत महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्व जातिधर्मांत आहे. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. किहीम गावात राहणाऱ्याला किहीमात कोणी ‘किहीमकर’ म्हणत नाही, कारण तेथे सगळेच किहीमचे. ही ओळख गावाबाहेर पडल्यावर लागते. परक्या ठिकाणी ‘हा कुठला?’ या प्रश्नाचे ते उत्तर असते. म्हणून ‘-कर’ आडनाव हा जेवढा गावाचा पुरावा, तेवढाच गाव सोडल्याचाही पुरावा.

९/
बेने इस्राएलांची अशी शंभराहून अधिक आडनावे नोंदली गेली आहेत. नवगावचे नवगावकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, थळचे थळकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. ही गावे नकाशावर टिंबांनी दाखवा. बरीचशी टिंबे अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या पट्ट्यात आणि खाड्यांच्या काठाने पडतील. ज्या समाजाने आपला लिखित इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत ठेवला नाही, त्याच्या वस्तीची नोंदवही आडनावांनी सांभाळली. एकेका तेल्याच्या घाण्याचे ठिकाण त्या नोंदवहीत लिहिलेले आहे.

१०/
या आडनावांपैकी तिघांना विशेष मान आहे. परंपरेनुसार डेव्हिड राहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने या शनवार तेल्यांना ओळखले, त्यांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि तीन शिष्य निवडले. हे तिघे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले. त्यांना ‘काजी’ म्हटले जाई. विवाह लावणे, धर्मविधी करणे, समाजातले तंटे सोडवणे ही त्यांची कामे. हिब्रू धर्म, अरबी पदवी आणि मराठी आडनाव एकाच माणसाच्या ठायी नांदत होती, आणि कोकणात कोणाला त्याचे नवल वाटत नव्हते.

११/
अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईत येऊ लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणींत त्यांनी नाव कमावले. सामाजी हसाजी दिवेकर हे अशाच एका पलटणीतील अधिकारी. इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि पुढे सुटून परतले. १७९६ मध्ये त्यांनी मांडवीत मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. त्याचे नाव ‘शार हारहामिम’, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत. जवळच्या रेल्वे स्थानकाला ‘मस्जिद’ हे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगितले जाते.

१२/
‘सामाजी हसाजी’ हे ‘सॅम्युअल इझिकेल’ कसे झाले? कोकणात हिब्रू नावांना मराठी वळण मिळाले होते. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, रहामिमचा रहामाजी, मोशेचा मुसाजी. एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या यहुद्यांशी संबंध वाढला आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून बायबलचा परिचय झाला. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले होते. ग्रंथ हाती आले, तशी मूळ रूपे परतली, पण इंग्रजी उच्चारांच्या वेषात. एका-दोन पिढ्यांत मुसाजीचा मोझेस झाला. बदलले ते पाळण्यातले नाव. आडनाव अजून शाबूत होते.

१३/
या संक्रमणकाळातील थोर पुरुष म्हणजे वर उल्लेखिलेले हाईम सॅम्युअल केहिमकर. आडनाव किहीम या गावावरून, जुन्या उच्चाराप्रमाणे ‘केहिम’. १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. माझगावची आजची सर एली कदूरी शाळा ती हीच. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. लेखक तेव्हा हयात नव्हते. चाळीस वर्षे हस्तलिखितात पडून राहिलेला तो ग्रंथ आज या समाजाच्या अभ्यासाचा पाया आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठामुळे किहीम हे कोकणातले छोटे गाव जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले.

१४/
मग आडनावे गळाली कशी? कारण साधे, कारकुनी आहे. शाळेच्या, पलटणीच्या आणि कचेरीच्या पटावर ‘नाव, वडिलांचे नाव’ एवढे लिहिले की काम भागत असे. ‘सॉलोमन मोझेस’ हे इंग्रजी कानाला पूर्ण नाव वाटते, कारण मोझेस हे आडनावासारखे ऐकू येते. ‘पांडुरंग गणेश’ एवढ्यावर मराठी माणसाचे नाव अपुरे वाटले असते. सॉलोमन मोझेसचे वाटले नाही. पुढे तेच प्रमाणपत्रावर गेले, पगारपत्रकावर गेले, घराच्या पाटीवर गेले. आडनाव कोणी टाकून दिले नव्हते. ते लिहिण्याची गरज उरली नव्हती.

१५/
आता कुर्ल्याकडे येऊ. साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाचे हे गाव. कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या विपुलतेवरून नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती आहे. १८०८ मध्ये कंपनी सरकारने मुंबईतील जमिनीच्या बदल्यात कुर्ला आणि मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्पे, पर्जापूर ही गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना दिली. त्याआधीच शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दीत झाला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी कुर्ल्यावरून धावली. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी येथील धरमसी गिरणी विकत घेऊन तिचे नाव ‘स्वदेशी मिल’ ठेवले.

१६/
बांध, रेल्वे आणि गिरणी या तीन गोष्टींनी कुर्ला बदलले. गिरण्या, रेल्वे, कचेऱ्या यांत काम करणाऱ्यांना दक्षिण मुंबईतील खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि लोक उपनगरांकडे सरकले. कुर्ल्यात कोकणी मुसलमान, कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे आधीपासून होते. घाटावरचे आणि कोकणातले कामकरी आले. बेने इस्राएलही आले आणि त्यांनी येथे प्रार्थनागृह उभे केले. ज्यांच्या पूर्वजांनी एका गावात एकच घाणा चालवला, ती शंभर गावांची माणसे एका उपनगरात शेजारी झाली. रोहेकर आणि थळकर यांना आपण वेगवेगळ्या गावचे आहोत, हे एकमेकांना सांगण्याचे प्रयोजन येथेच खऱ्या अर्थाने उत्पन्न झाले.

१७/
कुर्ल्यातच एक उद्बोधक तुलना उपलब्ध आहे. साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. ही नावे मोजकीच होती : परेरा, डिसोझा, डिमेलो, फर्नांडिस. त्यामुळे एकाच आडनावाची, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली असंख्य घरे निर्माण झाली. बेने इस्राएलांत उलट घडले : आडनावे पुष्कळ, प्रत्येकाची घरे थोडी. आडनाव विपुल आहे की दुर्मीळ, हे अनेकदा कुळाच्या मोठेपणावर ठरत नाही. नाव देण्याच्या पद्धतीवर ठरते.

१८/
जगात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास जेथे झाला, त्यांपैकी आयर्लंड हा एक देश. तेथील आडनावे गावावरून नसून पूर्वजावरून : ‘मॅक’ म्हणजे पुत्र, ‘ओ’ म्हणजे नातू वा वंशज. इंग्रजी सत्तेखाली पुष्कळ घराण्यांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाबरोबर अनेकांनी ते पुन्हा लावले. रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने १८९० सालच्या जन्मनोंदी मोजून १८९४ मध्ये आयरिश आडनावांचा अहवाल काढला. त्यात मर्फी पहिले होते. आयरिश ‘ओ’ आणि आपला ‘कर’ यांच्या नशिबी सारखाच प्रसंग आला : परक्या भाषेच्या दप्तरात शिरताना दोन्ही दाराबाहेर राहिले.

१९/
भारतातील जनगणना आडनावांची गणती प्रसिद्ध करत नाही. म्हणून लोक मतदारयाद्या, दूरध्वनी पुस्तिका किंवा समाजमाध्यमांवरील शोध यांवर विसंबतात. येथे मोठा सापळा आहे. दिवेकर हेच घ्या. सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर बेने इस्राएल, तर धर्मसुधारक महादेवशास्त्री दिवेकर हिंदू ब्राह्मण. नागावकर, पेणकर, थळकर ही आडनावेही अनेक समाजांत आढळतात. गाव सर्वांचे होते, म्हणून गावाचे नावही सर्वांचे. यादीत ‘थळकर’ दिसला म्हणून तो अमुक जातीचा वा धर्माचा, असे म्हणता येत नाही. आडनाव गाव सांगते, देव सांगत नाही.

२०/
आता थोडे गणित. आडनावे आपोआप नष्ट होतात का, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये मांडला आणि १८७४ मध्ये हेन्री वॉटसन यांच्यासह त्यावर निबंध लिहिला. समजा, आडनाव मुलग्यांकडून पुढे जाते आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो. कोणाला दोन, कोणाला एकही नाही, असे निव्वळ योगायोगाने. लोकसंख्या स्थिर आहे, तरी एका पुरुषापासून सुरू झालेले आडनाव पहिल्या पिढीतच संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. दोन पिढ्यांत ती ५३ टक्के होते आणि तीन पिढ्यांत जवळपास ६३ टक्के. साथ नाही, युद्ध नाही, कोणाचा दोष नाही. नुसत्या योगायोगाने नावे विझतात.

२१/
हे गणित शनवार तेल्यांना लावून पाहा. एकाच आडनावाची हजार घरे असती, तर दहा शाखा खुंटूनही नाव टिकले असते. येथे एकेका आडनावामागे घरेच मोजकी. लोकसंख्या वाढत होती तोवर नावे तगली. पण गळती सुरू झाली की सर्वांत आधी अशीच नावे संकटात येतात. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर गळती फार मोठी झाली.

२२/
१९५१ च्या जनगणनेत भारतात सर्व शाखांचे मिळून सुमारे सव्वीस हजार यहुदी होते आणि त्यांत बेने इस्राएल बहुसंख्य होते. १९७१ मध्ये हा आकडा सहा हजारांच्या आत आला. २०११ मध्ये तो ४,६५० होता. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, त्यानंतरचे स्थलांतर हे याचे मुख्य कारण. येथे छळ झाला म्हणून कोणी गेले नाही, हे या समाजाने वारंवार सांगितले आहे. धर्मभूमीची ओढ, नोकऱ्यांची चिंता, आणि आधी गेलेल्या नातलगांची हाक, अशी ती कारणे होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत मागे राहिलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी झाली होती.

२३/
इस्राएलमध्ये मात्र या लोकांपुढे अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने निर्देश काढला : बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी तिची वंशावळ तपासावी. कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना आता आपण यहुदी असल्याचे सिद्ध करा, असे सांगण्यात आले. त्यांनी प्रतिकार केला, जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत समान यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्या समाजाकडे जुने लिखित दप्तर नव्हते, त्याला कागद मागितला गेला होता. त्याच्याजवळ होती ती आठवण, रीत आणि गावांची नावे.

२४/
परदेशात आडनावांचे तीन मार्ग झाले. काहींनी ‘-कर’ जपले. काहींनी मुंबईतच सुरू झालेली रीत कायम केली आणि पित्याचे वा आजोबांचे नाव हेच आडनाव ठरवले. काहींनी हिब्रू आडनाव घेतले. मराठी मात्र तेवढ्या लवकर सुटली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आले. अलिबागजवळच्या खंडाळे गावात ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे. प्रेषित एलियाच्या रथाची खूण त्या खडकावर उमटली, अशी श्रद्धा आहे. परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे आजही तेथे येऊन मलिदा करतात. दप्तरातून आडनाव गेले, तरी पाय त्या गावाची वाट विसरले नाहीत.

२५/
आता मूळ प्रश्नाकडे. ही आडनावे आज किती दुर्मीळ आहेत? दुर्मीळपणाचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. एक, खरोखर विझलेली नावे, ज्यांच्या शेवटच्या घरात पुढे कोणी उरले नाही. दोन, स्थलांतरित नावे, जी येथे दिसत नाहीत पण समुद्रापलीकडे आहेत. तीन, झाकलेली नावे, जी माणसांना ठाऊक आहेत पण कागदावर नाहीत, डॉ. मोझेस यांच्या पाटीसारखी. यादीत तिन्ही सारखीच दिसतात : शून्य. म्हणून केवळ आकडा पाहून आडनाव ‘नामशेष’ ठरवणे इतिहासाला धरून नाही.

२६/
झाकलेले नाव कधी कधी मोठ्या झोकात बाहेरही येते. भारतीय फुलपाखरांवर ज्यांचे २००८ मधील ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ हे पुस्तक प्रमाण मानले जाते, ते निसर्ग अभ्यासक आयझॅक किहीमकर. आणि किहीम हेच ते गाव, जेथे १९३० च्या सुमारास सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा गाजलेला अभ्यास केला. एका गावाचे नाव समाजाच्या इतिहासावर, पक्षिशास्त्रावर आणि फुलपाखरांच्या पुस्तकावर असे तीनदा कोरले गेले. त्यांतील दोन वेळा ते कोरले, एका आडनावाने.

२७/
तुमच्यापैकी ज्यांना आपल्या आडनावाचा माग काढायचा आहे, त्यांच्यासाठी या उदाहरणातून निघणारी पद्धत. पहिले, आडनावातील गाव जुन्या आणि नव्या दोन्ही उच्चारांत शोधा. केहिम आणि किहीम एकच. दुसरे, त्या नावाची गावे एकाहून अधिक असू शकतात, म्हणून आसपासच्या आडनावांचा पुंजका पाहा. तिसरे, आजोबा-पणजोबांची शाळेची, नोकरीची, जमिनीची कागदपत्रे ताडून पाहा. आडनाव कोणत्या वर्षी लागले वा गळाले, ते तेथेच कळेल. चौथे, दफनभूमी असेल तर शिळा वाचा. कचेरीत गाळलेले आडनाव शिळेवर पुष्कळदा पूर्ण कोरलेले असते.

२८/
हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कोणत्या आडनावाचे मूळ गाव कोणते आणि ते केव्हा गळाले, हे तोंडी सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. कुर्ल्यात, ठाण्यात, पनवेलीत, अलिबागेत अशी माणसे अजून भेटतात. तुमच्या शेजारी कोणी ‘डेव्हिड’, ‘सॅम्युअल’ वा ‘मोझेस’ आजी-आजोबा राहत असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांना एवढेच विचारा : आपले गाव कोणते? उत्तराच्या शेवटी ‘कर’ ऐकू आला, तर ते लिहून ठेवा. खासगी नावे आणि पत्ते न देता, केवळ आडनाव आणि गाव खाली प्रतिसादात कळवा. जुळणारी गावे नकाशावर मांडून पुढच्या थ्रेडमध्ये देऊ.